हंगेरी-पोलंड वृत्तांत: मध्ययुगीन लेखकापुढे कोणते ग्रंथ होते?

शब्दयात्री (धागाकर्ती)

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिन भाषेत लिहिला गेलेला एक छोटेखानी ग्रंथ अभ्यासक 'हंगेरी-पोलंड वृत्तांत' या नावाने ओळखतात. हस्तलिखितातील त्याचा मथळाच सांगतो की हा हंगेरीच्या लोकांचा वृत्तांत असून तो पोलंडच्या वृत्तांतांशी जोडलेला आणि मिसळलेला आहे, आणि त्यात संत स्टीफनचे चरित्रही आहे. मूळ लेखन हंगेरीच्या राजघराण्याविषयी असले तरी ते टिकले मुख्यतः पोलंडमधील नकलांमुळे. त्याचा एक विस्तृत आणि एक संक्षिप्त असे दोन पाठ मिळतात, आणि मूळ कोणता यावर अजून वाद चालतो.

इतिहास म्हणून हा ग्रंथ हाती घेतला तर पहिल्या पानापासून ठेच लागते. हूणांचा अटिला येथे 'अक्विला' या नावाने हंगेरीचा आद्य राजा झाला आहे. ज्याच्या कथेवर अकराव्या शतकातील घटनांची स्पष्ट छाया आहे असा क्रोएशियाचा एक राजा पाचव्या शतकातील अटिलाच्या काळात मारला जातो. आठ वर्षांपूर्वी मृत्यू पावलेला पोलंडचा राजा पोपकडे मुकुट मागतो. पोलंडची सीमा थेट डॅन्यूबच्या काठी येऊन भिडते. एवढे वाचल्यावर अनेक इतिहासकारांनी हा ग्रंथ बाजूला ठेवला, हे समजण्यासारखे आहे. माझे मत मात्र उलट आहे. या ग्रंथात १००० सालच्या घटनांचा पुरावा शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. पण तेराव्या शतकातील एका लेखकापुढे कोणती पुस्तके उघडी होती हे शोधायचे असेल, तर त्याच्या चुकांइतका विश्वासू वाटाड्या दुसरा नाही. खरी गोष्ट दोन लेखक स्वतंत्रपणे सांगू शकतात. तीच विशिष्ट चूक दोघांकडे आढळली, तर बहुधा एकाने दुसऱ्याचे वाचलेले असते.

सर्वांत भक्कम दुव्यापासून सुरुवात करते. स्टीफन, म्हणजे हंगेरियन लोकांचा इश्टवान, १०३८ साली वारला आणि १०८३ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या आयुष्यावर लॅटिनमध्ये प्रथम एक मोठे आणि एक छोटे अशी दोन चरित्रे लिहिली गेली. पुढे राजा कालमान (ग्रंथप्रेमी म्हणून ख्याती असलेला, कारकीर्द १०९५ ते १११६) याच्या आज्ञेवरून हार्टविक नावाच्या बिशपने ती दोन्ही एकत्र करून, स्वतःची भर घालून, तिसरे चरित्र सिद्ध केले. पोप इनोसंट तिसरा याने १२०१ मध्ये त्याला मान्यता दिली, त्यामुळे तेराव्या शतकात हंगेरीतील कोणाही लेखनकुशल धर्मगुरूला स्टीफनची कथा सांगायची असेल तर हाती पहिल्यांदा येणारा ग्रंथ हार्टविकचाच असणार.

आमच्या वृत्तांतकाराने तोच घेतला, याचा पुरावा मुकुटाच्या प्रसंगात आहे. हार्टविक सांगतो की स्टीफनचा दूत अस्त्रिक रोमला निघाला, त्याच सुमारास पोलंडचा राजा मिएश्को यानेही मुकुटासाठी दूत धाडले होते. पोपने एक उत्तम मुकुट घडवून तयार ठेवला होता आणि तो मिएश्कोला देण्याचे ठरवले होते. परंतु आदल्या रात्री देवदूताने पोपला दृष्टांत दिला की उद्या एका अपरिचित राष्ट्राचे दूत येतील, मुकुट त्यांना दे. त्याप्रमाणे अस्त्रिकला मुकुट मिळाला, वर क्रूसही मिळाला, आणि पोप म्हणाला की मी केवळ प्रेषितांचा वारस आहे, तुमचा राजा मात्र ख्रिस्ताचा खराखुरा प्रेषित आहे. प्रसंग मोठा देखणा आहे. अडचण एवढीच की मिएश्को ९९२ मध्ये वारला होता आणि स्टीफनचा राज्याभिषेक १००० च्या नाताळात किंवा १००१ च्या पहिल्या दिवशी झाला. त्या काळी पोलंडवर राज्य करत होता मिएश्कोचा मुलगा बोलेस्वाफ. हार्टविकच्या आधीच्या दोन्ही चरित्रांत मिएश्को नाही. ही भर हार्टविकची. आणि आमच्या वृत्तांतात नेमका तोच मिएश्को, तोच दृष्टांत, तोच अस्त्रिक आहे.

नकलेवर नक्कल करून लेखक थांबला असता तर चर्चेला काही उरले नसते. तो भर कोठे घालतो ते पाहण्यासारखे आहे. हार्टविकच्या चरित्रात पोलंडचा दूत बिननावाचा आहे; येथे तो पोलंडमधील क्राकूफ शहराचा बिशप लांबेर्त आहे. हार्टविककडे पोलंडला मुकुट का नाकारला गेला याचे फारसे स्पष्टीकरण नाही. येथे सांगितले जाते की या लोकांना द्राक्षमळ्यांपेक्षा अरण्यांची आणि माणसांपेक्षा कुत्र्यांची ओढ अधिक आहे, म्हणून त्यांची वेळ अजून आलेली नाही. ही टीका बाहेरच्याने पोलंडवर केलेली वाटते, पण तिच्या शेवटी कधीतरी क्षमा होईल अशी आशाही आहे, आणि ती आशा पोलंडच्या वाचकासाठी ठेवलेली आहे.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. हार्टविकच्या चरित्रात स्टीफनचा पिता गेझा याची पत्नी गरोदर असताना तिला आद्य हुतात्मा संत स्टीफनचे दर्शन होते आणि होणाऱ्या मुलाला माझे नाव दे असे तो सांगतो. तेथे तिचे नाव दिलेले नाही. इतर साधनांवरून गेझाची पत्नी म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाचा राज्यकर्ता ग्युला याची मुलगी शारोल्त हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या लेखकाने हीच दर्शनाची कथा तशीच ठेवली, पण रिकाम्या जागी एक नाव बसवले: अॅडेलेड, मिएश्कोची बहीण. एका ओळीत संत स्टीफन आईकडून पोलिश झाला, आणि हंगेरी-पोलंड ही दोन घराणी मामा-भाच्याच्या नात्यात आली. मुकुटावरून झालेला वाद मग दोन परक्या राज्यांतला उरत नाही, घरातला होतो.

हार्टविकचा वाटा असा वेगळा काढला की जे शिल्लक राहते ते तीन ठिकाणचे आहे असे दिसते.

पहिले म्हणजे अक्विलाची कथा. पूर्वेकडील हंगेरीतून निघून तो पश्चिमेला कोलोनपर्यंत जातो आणि तेथे संत उर्सुला व तिच्या अकरा हजार कुमारिकांना ठार करतो. ही कथा कोलोनची. ११०६ मध्ये त्या शहराच्या तटाबाहेर जुनी दफनभूमी खणली गेली, तेथे मिळालेल्या अस्थी या कुमारिकांच्या मानल्या गेल्या आणि बाराव्या शतकात ही भक्ती युरोपभर पसरली. त्यानंतर अक्विला इटलीत उतरतो. रोमवर चालून जाणार तोच रात्री देवदूत त्याला अडवतो: प्रेषित पीटर आणि पॉल यांची ही नगरी सोड, तुझ्या वंशातील पुरुष एक दिवस नम्रपणे येथे येऊन मुकुट घेईल. इतिहासात ४५२ साली पोप लिओने अटिलाची भेट घेतली होती. पुढे लॅटिन इतिहासलेखनात त्या भेटीला अद्भुताची जोड मिळाली. आठव्या शतकातील लोंबार्ड इतिहासकार पॉलस डायाकोनस लिहितो की लिओच्या शेजारी हाती नंगी तलवार घेतलेला एक पुरुष अटिलाला दिसला आणि त्यामुळे तो माघारी फिरला. आमच्या लेखकाने या जुन्या कथेचे टोक हार्टविकच्या दृष्टांताला नेऊन जोडले. रोमच्या वेशीवर अटिलाला दिलेले वचन पाच शतकांनी पोपच्या स्वप्नात पुरे होते. दोन वेगळ्या पुस्तकांतील दोन देवदूतांची अशी गाठ घालणारा माणूस कच्चा लेखक नव्हे. त्याची कालगणना कच्ची आहे, रचना मात्र पक्की आहे.

दुसरे ठिकाण क्रोएशिया. देवदूत अक्विलाला सांगतो की रोम सोड आणि कासिमिर या राजाचा सूड घे, कारण त्याच्याच प्रजेने 'आमच्यावर कोणी राजा नको' म्हणून त्याला विश्वासघाताने मारले. अक्विला साव्हा आणि द्रावा या नद्यांच्या प्रदेशात उतरतो, त्या लोकांचा पराभव करतो, स्लाव्ह राजकन्येशी विवाह करतो आणि पुढे डॅन्यूब-तिसाच्या सपाटीवर वस्ती करतो. इतिहासात क्रोएशियाचा राजा झ्वोनिमिर १०८९ मध्ये वारला, त्याची पत्नी हंगेरीचा राजा लाडिस्लाव याची बहीण होती, लाडिस्लाव १०९१ मध्ये क्रोएशियात शिरला, आणि ११०२ मध्ये कालमानने बियोग्राद येथे क्रोएशियाचा मुकुट धारण केला. झ्वोनिमिरला स्वतःच्या लोकांनी मारले ही कथा क्रोएशियन परंपरेत पुढे फार गाजली. आमच्या वृत्तांतात ती अटिलाच्या खात्यावर जमा झाली आहे. हंगेरीने क्रोएशिया घेतला तो बळजबरीने नव्हे, राजहत्येचे परिमार्जन करण्यासाठी, असे त्यातून सुचवले जाते. हे सांगण्याची गरज कोणाला होती, हा प्रश्न लेखकाच्या पत्त्याकडे नेतो.

तिसरे ठिकाण पोलंड, त्यातही क्राकूफ: लांबेर्त, अॅडेलेड आणि सीमेचा तो प्रसिद्ध परिच्छेद. मुकुटाच्या वादानंतर स्टीफन आणि मिएश्को हंगेरीची तेव्हाची राजधानी एस्तेरगोम हिच्यापुढे तंबू ठोकून भेटतात, कारण, लेखक म्हणतो, पोलंडची हद्द तेथे डॅन्यूबच्या तीरावर संपत होती. तेथून ती एगेरला जाते, मग तिसा नदीला मिळते, वळून 'चेपला' नदीच्या काठाने 'सालिस' किल्ल्यापर्यंत जाते, आणि तेथे हंगेरी, रुथेनिया (पूर्वेकडील स्लाव्ह लोकांचा, आजच्या युक्रेनच्या बाजूचा प्रदेश) व पोलंड यांची शीव एकत्र येते. चेपला म्हणजे आजच्या पूर्व स्लोव्हाकियातील तोप्ल्या आणि सालिस म्हणजे प्रेशोव्हजवळचे मिठाचे ठाणे सोलिवार, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हार्टविककडे यातले काही नाही. काही अभ्यासकांना यात बोलेस्वाफच्या काळातील पोलिश ताब्याची आठवण दिसते, काहींना आजच्या स्लोव्हाकियातील जुन्या नित्राच्या राज्याची. मला स्वतःला असे वाटते की या परिच्छेदाचे दोन भाग करावेत. तोप्ल्या आणि मिठाचे ठाणे हा तपशील प्रत्यक्ष रस्ता माहीत असलेल्या माणसाचा आहे. एस्तेरगोमचा भाग कथेच्या गरजेतून आला आहे: दोन राजे बरोबरीने भेटायचे तर सीमा राजधानीच्या दाराशी आणावीच लागते.

या तिन्ही धाग्यांची गाठ जेथे पडते असे एक ठिकाण पोलिश अभ्यासक रिशार्द ग्झेशिक यांनी सुचवले आहे, आणि ते मला पटते. हंगेरीचा राजा आंद्रास दुसरा याचा मुलगा कालमान (हा दुसरा कालमान, जन्म १२०८) आणि क्राकूफचा ड्यूक लेशेक याची कन्या सालोमेआ यांचा विवाह १२१४ च्या स्पिश येथील करारात ठरला. पोपच्या संमतीने कालमानला रुथेनियातील हालिचचा राजा म्हणून मुकुट मिळाला, ते राज्य थोड्याच वर्षांत हातचे गेले, आणि १२२६ पासून तो स्लाव्होनियाचा (साव्हा-द्रावा नद्यांमधल्या प्रदेशाचा) ड्यूक झाला. क्रोएशियाही त्याच्याकडेच होता. हंगेरियन राजपुत्र, पोलिश राजकन्या आणि क्रोएशियाचा कारभार एकाच दरबारात. ज्या लेखकाला हार्टविक पाठ होता, क्राकूफच्या बिशपांची नावे माहीत होती आणि राजहत्येची क्रोएशियन कथा कानावर होती, तो आणखी कोठे बसला असेल?

जाणकारांनी आपली मते मांडावीत. विशेषतः पोलंडच्या शकावल्यांविषयी (वर्षवार नोंदींविषयी) कोणी अभ्यास केला असल्यास अवश्य लिहावे.

ताम्रपट

शब्दयात्री, लेख अतिशय आवडला. एक पद्धतीची शंका. वृत्तांतकाराने हार्टविक प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे असे आपण म्हणता; पण दोघांनीही एखाद्या तिसऱ्या, आज हरवलेल्या पुस्तकातून मिएश्को उचलला असण्याची शक्यता आपण कशी नाकारता? अकराव्या शतकात हंगेरीच्या राजांचा एक जुना लॅटिन इतिहास होता आणि तो लुप्त झाला, असे हंगेरीचे इतिहासकार मानतात. सायमन केझाई याचा १२८० च्या दशकातील ग्रंथ आणि १३५८ मध्ये सुरू झालेला सचित्र वृत्तांत हे दोन्ही त्या जुन्या लेखनावर आधारलेले आहेत. मुकुटाची कथा तेथेच असली तर?

शब्दयात्री

ताम्रपट, शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका समान चुकीने पूर्ण होत नाही, हे मान्य. माझ्या दृष्टीने निर्णायक आहे ती प्रसंगांची जुळणी. मोठ्या चरित्रात पोपच्या आशीर्वादाचे पत्र येऊन राज्याभिषेक झाला एवढेच येते. अस्त्रिकची रोमची वारी, पोलंडचे दूत आणि पोपचा दृष्टांत ही साखळी हार्टविकने गुंफली. त्याच साखळीच्या आधी आईला झालेले दर्शन आणि प्रागचा बिशप अॅडाल्बर्टच्या हस्ते बाप्तिस्मा हे प्रसंग येतात, जे हार्टविकने मोठ्या चरित्रातून घेतले. वृत्तांतात जुना थर आणि हार्टविकची भर हे दोन्ही एकत्र आणि हार्टविकच्याच क्रमाने आहेत. हरवलेल्या राजवृत्तांतात संतचरित्राचा असा क्रम असण्याचे कारण दिसत नाही. आपण उल्लेखिलेल्या जुन्या इतिहासाचा मान मात्र मी ठेवते; स्टीफनच्या मृत्यूनंतरच्या भागात त्याचे पाणी मुरलेले आहे असेच मला वाटते.

कृष्णाकाठ

समान चुकीवरून नकलेचे नाते ठरवण्याची ही रीत आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी किती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, याची येथे आठवण करून देतो. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला शिकून आले होते आणि जर्मन पाठचिकित्सेची शिस्त त्यांनी आदिपर्वाच्या संपादनात आणली. ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि अवघी संहिता १९६६ मध्ये. एका प्रांतातील पोथ्यांत तोच प्रक्षेप त्याच जागी आला तर त्या पोथ्या एका आईच्या लेकी मानायच्या, हे त्यांचे सूत्र. येथे फरक असा की सुकथनकरांपुढे एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या होत्या, आणि या वृत्तांताच्या बाबतीत आपण एका ग्रंथाचे नाते दुसऱ्या ग्रंथांशी लावत आहोत. नक्कल करणारा सहसा नकळत चुकतो, रचना करणारा जाणूनबुजून बदलतो. म्हणून मिएश्कोची चूक नकळत आलेली आणि अॅडेलेडची भर जाणूनबुजून घातलेली, असे दोन वेगळ्या खात्यांत मांडणे आवश्यक वाटते.

रेणुका

अॅडेलेडच्या बाबतीत मी जरा वेगळे मत मांडू इच्छिते. तिला निव्वळ कल्पना म्हणून सोडून देणे घाईचे ठरेल, कारण पोलंडच्या एका मध्ययुगीन शकावलीत गेझाने मिएश्कोच्या बहिणीशी विवाह केल्याची नोंद आहे. शकावली म्हणजे वर्षागणिक एक-दोन ओळींची कोरडी नोंद. तिथे कथा रचण्याचा मोह कमी असतो. शिवाय समकालीन जर्मन इतिहासकार थिएटमार, जो १०१८ मध्ये वारला, तो स्टीफनच्या आईचा उल्लेख स्लाव्ह नावाने करतो आणि ती पुरुषासारखी घोडा फेकत असे, मद्य पीत असे आणि रागाच्या भरात तिने एका माणसाला मारले, असेही लिहितो. स्लाव्ह नाव असलेली राणी पोलिश असू शकत नाही का?

शब्दयात्री

रेणुकाताई, थिएटमारचा उल्लेख आपण आणलात हे फार चांगले झाले, कारण त्याची साक्ष जवळच्या काळाची आहे आणि म्हणून तिचे वजन मोठे आहे. परंतु ती कोणत्या बाजूला झुकते ते पाहू. शारोल्तच्या दरबारात स्लाव्ह बोलणारे लोक असणारच, त्यामुळे तिला स्लाव्ह पदवी मिळणे स्वाभाविक होते. त्यासाठी पोलंडची वाट धरावी लागत नाही. थिएटमारला पोलंडच्या राजघराण्याची बित्तंबातमी होती. बोलेस्वाफवर तर त्याचा विशेष राग होता. स्टीफनची आई बोलेस्वाफची आत्या असती, तर ही गोष्ट त्याच्या लेखणीतून सुटली असती असे मला वाटत नाही.

शकावलीचे म्हणाल, तर प्रश्न देण्याघेण्याच्या दिशेचा आहे. ज्या नकलेत ती नोंद आहे ती तेराव्या शतकाच्या आधीची नाही, आणि वृत्तांतही त्याच शतकातला. शकावलीतून वृत्तांतात आली की वृत्तांतातून शकावलीत गेली, हे केवळ नोंदीच्या कोरडेपणावरून ठरत नाही. मठातला लेखनिक नवे पुस्तक वाचून जुन्या वर्षांच्या रिकाम्या जागा भरत असे. हा त्यांचा नित्याचा व्यवहार होता. संत स्टॅनिस्लाव याला १२५३ मध्ये संतपद मिळाले, त्यानंतर काही वर्षांतच क्राकूफच्या परिसरात लिहिल्या गेलेल्या त्याच्या मोठ्या चरित्रात मुकुटाची हीच कथा बिशप लांबेर्तसह येते. म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही सामग्री पोलंडच्या लेखकांच्या हाती खेळत होती. त्या नंतरची कोणतीही पोलिश नोंद स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभी करता येत नाही, आणि त्या आधीची अॅडेलेडची नोंद कोणी दाखवलेली नाही. १११० च्या दशकात लिहिणारा गाल अनोनिमुस हा पोलंडचा पहिला मोठा इतिहासकार तर तिचे नावही घेत नाही.

अरण्यक

गालचा विषय निघाला म्हणून विचारतो. मथळ्यात 'पोलंडचे वृत्तांत' असे स्पष्ट लिहिले आहे. मग गालचा ग्रंथ आपल्या लेखकापुढे होता की नव्हता? माझा अंदाज असा की नव्हता. गाल सांगतो की १००० साली सम्राट ऑटो तिसरा ग्नीएझ्नोला आला आणि त्याने स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून बोलेस्वाफच्या डोक्यावर ठेवला. हे वाचलेला माणूस त्याच वर्षी पोलंडला मुकुट नाकारल्याची कथा मिएश्कोच्या नावावर, कसलाही खुलासा न करता, सांगेल हे संभवत नाही.

दुसरे, क्रोएशियाच्या भागाविषयी. स्प्लिटचा आर्चडीकन थॉमस, जो १२६८ मध्ये वारला आणि ज्याच्या आयुष्यातच कालमान स्लाव्होनियाचा ड्यूक होता, तो आपल्या इतिहासात झ्वोनिमिर निपुत्रिक वारल्यामुळे सरदारांत भांडणे लागली आणि हंगेरीच्या राजाला संधी मिळाली असे लिहितो. राजहत्येचा उल्लेख तो करत नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या सुशिक्षित धर्मगुरूकडे ती कथा एक तर पोहोचली नव्हती किंवा त्याने ती नाकारली. यावरून मला असे दिसते की वृत्तांतकाराला ती कथा पुस्तकातून मिळालेली नसून दरबारातील माणसांच्या तोंडून मिळाली असावी. धाग्याचा विषय लिखित साधनांचा आहे, म्हणून हा भाग वेगळा ठेवावा, अशी सूचना.

शब्दयात्री

अरण्यक, गालविषयी पूर्ण सहमत. मथळ्यातील 'वृत्तांत' या शब्दाने आपण मोठ्या ग्रंथांचीच कल्पना करतो, पण लांबेर्तचे नाव कळण्यासाठी क्राकूफच्या बिशपांची यादी पुरेशी होती. आणि त्या काळी अशी यादी प्रत्येक मोठ्या चर्चमध्ये असे. क्राकूफची राजकन्या जेथे सून म्हणून गेली तेथे तिच्यासोबत तिचे धर्मगुरू गेले असणारच.

थॉमसच्या मौनाचा आपण काढलेला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. राजहत्येची कथा सविस्तर सांगणारी क्रोएशियन हस्तलिखिते बरीच नंतरची आहेत, त्यामुळे ही कथा लिहून ठेवणाऱ्या सर्वांत जुन्या लेखनांत आपला वृत्तांत मोडतो. क्रोएशियाच्या इतिहासासाठी हा ग्रंथ मोलाचा आहे तो येथे. मौखिक भाग वेगळा ठेवावा ही सूचनाही स्वीकारते.

ताम्रपट

शब्दयात्री, आपण म्हणालात की स्टीफनच्या मृत्यूनंतरच्या भागात जुन्या हंगेरियन इतिहासाचे पाणी मुरले आहे. ते कोठे दिसते, हे सांगाल का? कारण त्या भागात राजांची नाती इतकी उलटीपालटी झाली आहेत की लेखकापुढे पुस्तक होते यावरच विश्वास बसत नाही.

शब्दयात्री

नाती उलटीपालटी आहेत हे खरे. पण राणी गीझेलाकडे पाहा. ती स्टीफनची बव्हेरियन पत्नी. मोठे चरित्र आणि हार्टविक या दोघांकडे ती अत्यंत धार्मिक आहे. चर्चना सोन्याचांदीची पात्रे आणि वस्त्रे देणारी, पतीच्या पुण्यकार्यात साथ देणारी. आमचा लेखक येथवर हार्टविकच्या मागोमाग चालत आला आहे, आणि गीझेलापाशी येताच तो त्याचा हात सोडतो. त्याची गीझेला परकी आहे, जर्मनांची बाजू घेणारी आणि हंगेरीच्या वारसांच्या जिवावर उठलेली आहे. हेच चित्र सायमन केझाईकडे आहे: तेथे स्टीफनचा चुलतभाऊ वाझुल याचे डोळे काढण्यासाठी गीझेला सेबुश नावाचा माणूस पाठवते, आणि वारस राजपुत्र परदेशी पळतात. केझाईने आमचा वृत्तांत वाचला होता असे मानण्यासारखे साम्य इतरत्र नाही, आणि केझाई सुमारे अर्धशतक नंतरचा असल्याने उलट दिशा तर अशक्यच. दोघांच्याही मागे त्या लुप्त इतिहासातील गीझेला उभी आहे, असे मानल्याशिवाय हे साम्य उलगडत नाही.

नात्यांचा गोंधळ मला या मताच्या विरोधात जाणारा वाटत नाही. पुस्तक समोर उघडे ठेवून केलेली नक्कल आणि कधीतरी ऐकलेले किंवा वाचलेले आठवून लिहिणे यांत जो फरक असतो, तोच वृत्तांताच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात आहे. हार्टविक त्याच्या मेजावर होता. जुना राजवृत्तांत त्याच्या आठवणीत होता.

रेणुका

गीझेलाच्या या चित्रात समकालीन संदर्भही शोधता येईल. कालमानची आई गर्ट्रूड, मेरानियाची जर्मन राजकन्या, १२१३ मध्ये हंगेरियन सरदारांच्या हातून मारली गेली. जर्मन राणीविषयीचा रोष त्या पिढीच्या मनात ताजा होता. परंतु मग एक पेच उभा राहतो: गर्ट्रूडच्याच मुलाच्या दरबारात बसून कोणी परक्या राणीविरुद्ध इतके तिखट लिहील का? ग्झेशिक यांच्या मताला यामुळे बाधा येते असे मला वाटते.

शब्दयात्री

पेच खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. माझे उत्तर असे की गीझेलाचे वाईट चित्र लेखकाने निर्माण केले नाही, त्याला ते तयार मिळाले. आणि सालोमेआच्या माणसांना ते गाळण्याचे काही कारण नव्हते, कारण त्या कथेत पळून गेलेल्या हंगेरियन राजपुत्रांना आसरा देणारा देश पोलंड आहे. बेला पहिला पोलंडमध्येच राहिला आणि मिएश्को दुसरा याच्या मुलीशी त्याचा विवाह झाला, हे तर इतिहासाने सिद्ध आहे. कालमानच्या कानांना जे खटकले असते ते सालोमेआच्या कानांना गोड लागले असते. म्हणून 'कालमानचा दरबार' असे म्हणताना मी त्यातही राणीचा महाल असा अर्थ धरते. कालमान १२४१ मध्ये मोही येथे मंगोलांशी लढताना जखमी होऊन वारला. सालोमेआ माहेरी परतली, १२४५ मध्ये तिने क्लारा या संन्यासिनींच्या संप्रदायाची दीक्षा घेतली आणि १२६८ मध्ये ती पोलंडमध्येच निवर्तली. हंगेरीच्या राजघराण्यावरचा हा ग्रंथ हंगेरीत जवळजवळ नाहीसा होऊन पोलंडच्या ग्रंथालयांत का टिकला, याचे याहून साधे स्पष्टीकरण मला अजून आढळलेले नाही.